डाव्या सीटचे बोल्ट

हॅगथॉर्प, लिंकनशायर
१६ जानेवारी १९९४

प्रिय क्लिफ,

तुझं ख्रिसमसचं कार्ड मिळालं. त्यावरचा रॉबिन पक्षी गेल्या वर्षीचाच होता, पण आपल्या वयात तेवढं चालायचंच. कंबरेच्या ऑपरेशनची तारीख मिळाली हे बरं झालं. तिथल्या नर्सना शहाणपण शिकवू नकोस एवढंच सांगते.

एक काम आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडायला लागले की शेजारची डॉट कुंपणापाशी येऊन कपडे वाळत घालायचं सोंग करते. म्हणून लिहितेय.

लेसच्या गाडीचा एक बोल्ट नाहीये.

गेल्या रविवारी क्लबचा सेक्रेटरी आला होता, रोलंड टास्कर. तुला आठवत असेल, लेसच्या अंत्यविधीत सगळ्यात मोठ्याने गाणारा तो मिशीवाला. शेडमध्ये जाऊन त्याने गाडीवरची चादर काढली आणि चक्क गप्प बसला. मी त्याला इतकी वर्षं ओळखते, हे पहिल्यांदाच घडलं. मग म्हणाला, "मेव्हिस, अगं हा दागिना आहे दागिना. लेसने पूर्ण केली म्हणायची." मी म्हटलं, "सप्टेंबरातच केली. त्याने स्वतः मला सांगितलं." मग तो गुडघ्यांवर बसून खाली डोकावला आणि म्हणाला की डाव्या पुढच्या चाकाजवळ एक भोक रिकामं आहे, तिथे बोल्ट हवा. घरंगळून गेला असेल कुठेतरी. मी शेड झाडून काढली, सापडला नाही.

मग मी लिंकनला दुकानात गेले. काउंटरमागचा माणूस म्हणाला, कुठला बोल्ट? मी म्हटलं, चकचकीत. तर तो विचारतो, आटे जाड की बारीक, मान किती लांब, ग्रेड कुठला, नट साधा की रबरी कडीचा. मी म्हटलं, "अरे बाबा, चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने मला एवढे प्रश्न विचारले नाहीत." रांगेतले लोक हसले आणि मी हात हलवत घरी आले.

दर मे महिन्यात क्लबची मंडळी जुन्या विमानतळावर आपापल्या हातांनी बांधलेल्या गाड्या घेऊन जमतात, हे तुला माहीत आहेच. यंदा लेसची गाडी तिथे धावणार. रोलंड चालवेल, मी शेजारी बसेन. "पहिली चक्कर तुझी," असं लेस सहा वर्षं म्हणत होता. तो नाही तर नाही, पण माझी चक्कर मी घेणार.

तर कुठला बोल्ट आणू ते लिही.

तुझी,
मेव्हिस


स्ट्रॉमनेस, ऑर्कनी
२४ जानेवारी

प्रिय मेव्हिस,

रॉबिनबद्दल म्हणशील तर मी कार्डांचा गठ्ठाच घेऊन ठेवलाय. पुढच्या वर्षीही तोच येईल, तयारीत राहा.

दुकानदारावर रागावू नकोस. त्याने विचारायला हवं तेच विचारलं. केक कुठला हवा म्हटल्यावर तू "गोड" म्हणालीस तर मी तरी काय देणार?

आता असं कर. रिकाम्या भोकाच्या शेजारचा बोल्ट बघ. त्याच्या डोक्यावर आकडे कोरलेले असतात. चष्मा लाव, टॉर्च घे आणि ते जसेच्या तसे उतरवून पाठव. मग फ्रिजवरचं चुंबक नेऊन त्याला लाव, चिकटतं का बघ. आणि बोल्टाचे आटे डोक्यापर्यंत आलेत का, की डोक्याखाली थोडी गुळगुळीत मान आहे, तेही सांग. चाकाजवळच्या बोल्टाला मान लागतेच. सगळा भार तिथे येतो, आणि भाराच्या जागी आटे असले तर बोल्ट तिथूनच कापला जातो.

आणखी एक. नटांवर पिवळ्या रंगाचा टिपका आहे का?

आमचे वडील सायकली दुरुस्त करायचे तेव्हाची ही सवय. नट पुरता आवळून झाला की नटावरून बोल्टाच्या टोकावर पिवळ्या रंगाची छोटी रेघ ओढायची. नट ढिला झाला की रेघ तुटते, लांबून दिसतं. टिपका नाही म्हणजे काम झालेलं नाही, असा म्हाताऱ्याचा हिशोब. लेसने एकदा टिपका न देता एका बाईची सायकल परत दिली, तर वडिलांनी त्याला तिच्या मागे चर्चपर्यंत पळवलं होतं.

मीच येऊन बघितलं असतं, पण ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे आणि एप्रिलपर्यंत बोटीत बसायचं नाही असा डॉक्टरचा हुकूम आहे.

तुझा,
क्लिफ

ता. क. तोवर त्या गाडीत कुणी बसू नका. रोलंडने तर मुळीच नाही.


हॅगथॉर्प
५ फेब्रुवारी

प्रिय क्लिफ,

पाठीवर पडून, डोक्याखाली उशी घेऊन, टॉर्च दातांत धरून मी तुझी उत्तरं आणली आहेत. डॉट दारात येऊन विचारते, "मेव्हिस, तू पडलीस का गं?"

डोक्यावर कोरलंय: ए२-७०. मी पोचू शकले त्या सगळ्यांवर तेच आहे. चुंबक चिकटलं नाही, घसरून माझ्या नाकावर पडलं. आटे पार डोक्यापर्यंत आहेत, मानबिन काही नाही. पिवळा टिपका एकाही नटावर नाही. सगळं स्वच्छ, आरशासारखं. लेस किती टापटिपीचा होता तुला माहीत आहे.

ते बोल्ट त्याने कसे चमकवले हे तू पाहिलं नाहीस. उन्हाळ्यात त्याला उभं राहवेना, तेव्हा तो स्वयंपाकघराच्या टेबलाशी वर्तमानपत्र पसरून बसायचा. पितळ घासायचं पॉलिश, माझ्या जुन्या फ्लॅनेलच्या झग्याच्या चिंध्या, आणि एकेक बोल्ट. बोटं काळी व्हायची, चहाच्या कपावर ठसे उमटायचे. मी ओरडायचे. आता त्यातला एक कप मी तसाच ठेवलाय, धुवत नाही. तू हसशील.

जरा बरं वाटलं की दुपारी शेडमध्ये जायचा. संध्याकाळी आत येऊन सांगायचा, "आज मागची डावी बाजू झाली." कधी, "आज स्टिअरिंग झालं." सप्टेंबरात एक दिवस आला, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "झाली गं." मी प्लम ब्रेड भाजला होता, त्यावर जाड लोणी लावून दिलं. त्याने दोन घास खाल्ले. त्या दिवसांत दोन घास म्हणजे मेजवानीच होती.

क्लिफ, थडग्याच्या दगडावर काय लिहायचं ते मी ठरवलं. नाव, तारखा आणि खाली: "हाती घेतलं ते पुरं केलं." कारागिराने एप्रिलमध्ये कोरून देतो म्हटलंय. तू त्याचा भाऊ आहेस, म्हणून विचारते, तुला चालेल ना?

तारीखही ठरली, ८ मे. मी हिरवा रेशमी रुमाल घेतला डोक्याला बांधायला. उघडी गाडी आहे, केस उडतील. रोलंड म्हणतो की हरवलेल्या बोल्टाच्या जागी १२.९ चा घालू, सगळ्यात ताकदीचा तोच. मी म्हटलं, क्लिफचं उत्तर येऊ दे.

मेव्हिस


स्ट्रॉमनेस
१४ फेब्रुवारी

प्रिय मेव्हिस,

पडल्या पडल्या लिहितोय, अक्षर लावून घे. नर्सशी भांडण झालं, पण सुरुवात तिने केली.

तुझं पत्र मी बऱ्याच वेळा वाचलं. आता जे लिहितो ते नीट ऐक.

ए२-७० म्हणजे स्टेनलेस. गंजत नाही, छान चमकतं. दिव्याला, आरशाला, नंबराच्या पाटीला लाव, माझी ना नाही. पण चाकाला, स्टिअरिंगला, सीटच्या पट्ट्याला नाही. रोज हादरे बसले की ते थकतं. शिवाय त्याला मान नाही. ते सगळेच्या सगळे काढावे लागतील.

रोलंडला सांग, सगळ्यात ताकदीचा तो सगळ्यात चांगला असं नसतं. १२.९ चा बोल्ट फार कडक. तो शेवटपर्यंत चेहऱ्यावर काही दाखवत नाही आणि एक दिवस तटकन मोडतो. तुला हवा ८.८. दिसायला मातकट काळा, कुणी त्याच्याकडे वळून बघणार नाही. पण ताण आला की तो आधी ताणला जातो, वाकतो, तुला सांगतो की माझं आता काही खरं नाही. माणसाला बदलायला वेळ मिळतो. मी मापं काढतो, यादी पाठवतो, दुकानदाराला नुसती दाखव.

लेसची निवड चुकली. आजारी माणूस होता, चमक बघून भुलला असेल. होतं असं. यात त्याला कमीपणा नाही.

पण ८ मेचं रद्द कर. गाडी कुठे जात नाही. मी आलो की सावकाश करू.

दगडाचं म्हणशील तर घाई कशाला? नाव आणि तारखा पुरेत असं मला वाटतं. आमच्या आईवडिलांच्या दगडावर तेवढंच आहे.

क्लिफ


हॅगथॉर्प
२२ फेब्रुवारी

क्लिफ,

लेस चुकला? चमक बघून भुलला?

तुझ्या भावाने पंचवीस वर्षं बसच्या गॅरेजमध्ये ब्रेक बसवले. गावातली शाळेची पोरं त्याने आवळलेल्या नटांवर शाळेत गेली आणि परत आली. त्याला कुठला बोल्ट कुठे जातो कळत नव्हतं, आणि तुला तिकडे समुद्राच्या टोकाला बिछान्यात पडून कळतं? तू पहिल्यापासून असाच. लग्नात त्याने बांधलेला टाय तू सगळ्यांसमोर सोडून पुन्हा बांधलास, ते मी विसरले नाहीये.

ते सगळे काढ म्हणतोस. त्याचे हात लागलेलं त्या गाडीत जे काही आहे ते म्हणजे तेच बोल्ट. इंजिन भंगारातलं, सीटा विकतच्या, रंग रोलंडच्या भाच्याने मारलेला. ते बोल्ट काढले की राहिलं काय? एका माणसाने शेवटचा उन्हाळा घासूनपुसून घालवला आणि तू म्हणतोस, टाकून दे. आणि वर दगडावर दोन शब्द लिहिते तर तेही तुला जड वाटतात.

रोलंडने त्या भोकात त्याच्याकडचा चकचकीत बोल्ट घातला आहे. शेजारच्यांसारखाच दिसतो. ८ तारखेला मी जाणार. दगडही मी म्हणते तसाच कोरला जाणार.

यादी पाठवू नकोस. पत्रही लिहू नकोस.

मेव्हिस


स्ट्रॉमनेस
२१ मार्च

प्रिय मेव्हिस,

लिहू नकोस म्हणालीस, मी महिनाभर ऐकलं. रोज वाटायचं, तूच लिहिशील. आता मे जवळ आला आणि माझी झोप उडाली आहे. हे पत्र फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड.

लेस चुकला असं मी लिहिलं, ते खोटं होतं. लेस बोल्टाच्या बाबतीत आयुष्यात कधी चुकला नाही. तू लिहिलंस ते प्रत्येक अक्षर खरं आहे. म्हणूनच ए२-७० वाचलं तेव्हा कळलं, लेसने ते नंतरही बदलले नाहीत.

आपल्या हाताने गाडी बांधणारा माणूस ती दोनदा जोडतो. आधी कच्ची जुळणी. हाताशी येतील ते बोल्ट घालायचे, नट नुसते बोटांनी फिरवायचे, सगळं जागच्या जागी बसतं का बघायचं. मग अख्खी गाडी सोडायची आणि खरे बोल्ट घालून पान्याने आवळत पुन्हा जोडायची. तेव्हा टिपका द्यायचा. ज्याने कच्ची जुळणी बघितली त्याला गाडी पूर्ण झालीसारखीच वाटते. रोलंडलाही वाटली, कारण त्याने उभ्या जन्मात गाडी जोडलेली नाही, तयार विकत घेतली आहे.

मी सप्टेंबरात आलो होतो तेव्हा तू एका दुपारी डॉटबरोबर बाजारात गेलीस. मी शेडमध्ये गेलो. लेस त्या मोडक्या बागेतल्या खुर्चीत बसला होता, रेडिओ चालू, पाना मांडीवर. मी चाकाजवळचा एक नट धरला तर तो माझ्या बोटांत फिरला. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "तिला सांगू नकोस, क्लिफ. माझ्याने पाना ओढवत नाही." मी म्हटलं, "दे इकडे, चार-पाच दिवसांचं काम आहे, मी करतो." तर म्हणाला, "मग ती तुझी गाडी होईल." म्हणाला, "ती रोज संध्याकाळी दारातून डोकावते. तिला चमकताना दिसू दे. मी पूर्ण करू शकलो नाही हे तिला कळायला नको." आणि माझ्याकडून वचन घेतलं. मी दिलं. मरणाऱ्या भावाला नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

मग वाटलं, गाडी चादरीखाली राहील, कोण चालवतंय? तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा कळलं की मी काय वचन देऊन बसलोय.

मेव्हिस, त्या गाडीत आवळलेला एकही नट नाही. रोलंडने वेग घेतला की पहिल्या वळणाला चाक निघेल. वचन मोडल्याबद्दल लेस मला वर गेल्यावर काय बोलायचं ते बोलेल. तुला पुरायला मी येणार नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. शेडमध्ये जा आणि कुठल्याही एका नटावर दोन बोटं ठेव.

क्लिफ


हॅगथॉर्प
१७ एप्रिल

प्रिय क्लिफ,

इतके दिवस लागले कारण लिहायला बसले की राग यायचा, आणि कुणावर ते कळायचं नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी शेडमध्ये गेले. वाटत होतं की नट फिरणार नाही आणि मग तुला असं खरमरीत पत्र लिहीन की तुझी कंबर पुन्हा मोडेल. दोन बोटं ठेवली. फिरला, मुरांब्याच्या बरणीच्या झाकणापेक्षा सैल. दुसरा बघितला, तिसरा बघितला. मग मी एकेक काढतच गेले. माझ्या हातांनी निघत होते, क्लिफ, संधिवात झालेल्या हातांनी. केकच्या डब्यात टाकत होते आणि शिव्या देत होते. "मागची डावी बाजू झाली म्हणे! स्टिअरिंग झालं म्हणे!" डॉट कुंपणापाशी आली नाही. तिने ऐकलं असणार.

आता तुला एक सांगते, जे मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

मला ऐकू येत होतं. म्हणजे ऐकू येत नव्हतं. पान्याचा आवाज, हातोडीचा आवाज, "हात मेल्या" असं तो नटाला म्हणायचा तो आवाज, उन्हाळ्यात काहीच यायचं नाही. नुसता रेडिओ. मी चहाचा ट्रे घेऊन जायचे तेव्हा शेडच्या अलीकडेच कप मुद्दाम खडखडवायचे. दारापाशी चपला घासायचे, खोकायचे. त्याला खुर्चीतून उठून हातात पाना घ्यायला वेळ मिळावा म्हणून. आत गेले की तो गाडीला टेकून उभा असायचा, कपाळावर घाम. मला वाटायचं, कामाचा घाम आहे असं मानू या. तो घाम नुसता उठण्याचा होता. मी म्हणायचे, "छान चाललंय की." तो म्हणायचा, "हळूहळू."

डॉक्टरांनी मला मेमध्येच सांगितलं होतं, आणि मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याला आधीपासून माहीत होतं आणि त्याने मला सांगितलं नव्हतं. दोघं एकाच टेबलाशी बसून बोल्टांबद्दल बोलायचो. तुझ्या भाषेत दोघेही १२.९ चे निघालो. जरा वाकलो असतो, एकदा तरी एकमेकांसमोर रडलो असतो, तर काय बिघडलं असतं? पण तो गेल्यावर मी तेच धरून बसले की गाडी तरी पूर्ण झाली. सगळ्यांना सांगत सुटले. पाद्रीबाबांना सांगितलं, लिंकनच्या त्या दुकानदाराला सांगितलं. दगडावर लिहायला निघाले. आणि ते सगळं बोटांत फिरत होतं.

रोलंडला त्याच संध्याकाळी फोन करून नाही म्हणून कळवलं. तो गप्प बसला. आता दोनदा झालं. मग कारागिराला फोन केला आणि म्हटलं, खालची ओळ गाळ.

गाडी तशीच अर्धी सुटलेली पडून होती. गेल्या गुरुवारी मी उरलेले बोल्ट काढायला गेले. एक नट हातातून निसटून डाव्या सीटखाली गेला. मी बसणार होते ती सीट. तो काढायला हात घातला, तर बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. टॉर्च आणला.

सीटखालचे चार आणि पट्ट्याचे दोन बोल्ट चकचकीत नाहीत. मातकट काळे आहेत. मी बोटांनी फिरवून बघितले, हलले नाहीत. पाना लावला, दोन्ही हातांनी ओढला, हलले नाहीत. फ्रिजवरचं चुंबक आणलं, ते चटकन बसलं. चष्मा लावून डोकं वाचलं: ८.८. आणि सहाही नटांवर पिवळा टिपका आहे, क्लिफ. रेघ सरळ नाही. एकाची तर पार बाजूला वाहत गेली आहे. पण आहे.

जवळच लांब पाइपाचा एक तुकडा पडला होता. बघितलं तर पान्याच्या दांड्यावर बरोबर बसतो. अंगात जोर नसला की दांडा लांब करून ओढतात हे मलाही कळतं. त्याने पाइप लावून, अंगाचा भार टाकून एकेक ओढला असेल. कुठल्या दिवशी ते मला माहीत नाही. त्यातल्या एखाद्या दिवशी मी कप वाजवले असतील आणि तो खरोखरच काम करत असेल.

मग उजवीकडे बघितलं. चालवणाऱ्याच्या सीटचे बोल्ट चकचकीत आहेत. सैल. टिपका नाही. तिथे आपण बसणार नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तिथे त्याने ताकद घालवली नाही. जेवढी होती तेवढी सगळी माझ्या बाजूला लावली.

मी दार लावून घेतलं, हिरवा रुमाल बांधला आणि डाव्या सीटवर बसले. पट्टा लावला. चाकंही धड जागेवर नसलेल्या गाडीत एक म्हातारी पट्टा लावून बसली होती, डॉटने बघितलं असतं तर डॉक्टरला बोलावलं असतं. मी पुढे झुकून बघितलं, जोरात. पट्ट्याने धरलं. तिथेच बसून रडले. अंत्यविधीत रडले नव्हते तेवढं सगळं रडले, आणि उजवीकडे बघून त्याला वाट्टेल ते बोलले. बोलायचं राहून गेलेलंही बोलले.

कारागिराला परत फोन केला. म्हटलं, ओळ राहू दे. तो म्हणाला, बाई, नक्की काय ते ठरवा. मी म्हटलं, ठरलं.

आता तू ये. डॉक्टर बोटीत बसू देतील त्या दिवशी ये. ८.८ चे बोल्ट घेऊन ये, मानवाले, लागतील तेवढे. चाकांचे, स्टिअरिंगचे, उजव्या सीटचे. ही तुझी गाडी होणार नाही, तू फक्त पाना ओढायचास, पाना कुठे लावायचा ते मी सांगेन. चकचकीत बोल्ट डब्यात आहेत आणि डबा स्वयंपाकघरात फळीवर आहे, तो कुणी हलवायचा नाही. डाव्या सीटचे बोल्ट आणू नकोस. त्यांना हातही लावायचा नाही.

लग्नातल्या टायबद्दल बोलले ते मागे घेते. त्याने तो खरंच वाकडा बांधला होता.

तुझी,
मेव्हिस

ता. क. पिवळ्या रंगाची डबी फळीमागे सापडली. झाकणाभोवती रंग वाळून ते घट्ट बसलंय. मी खूप ओढलं, माझ्याने उघडत नाही. आलास की उघडून दे.